परीटघडी आणि फ्रँकफुर्टची सकाळ

जर्मनीला निघायच्या आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून सूट आणि चार शर्ट परीटघडी करून आणायचे आणि तसेच्या तसे बॅगेत रचायचे, ही आपल्याकडची ठरलेली तयारी. सगळा घोटाळा तिथेच होतो.

श्टुटगार्टजवळ राहून मला आता बरीच वर्षं झाली. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं, पण आमच्याकडे खरी वर्दळ असते ती पुण्या-चाकणची. गाड्यांच्या आणि यंत्रांच्या कंपन्यांतली मुलं पंधरा दिवसांसाठी येतात, कुणी एप्रिलमध्ये हानोफरच्या औद्योगिक प्रदर्शनाला येतं, कुणाच्या मुलाचं लग्न असतं. वर्षाकाठी दोन-तीन बॅगा तरी माझ्या दिवाणखान्यात उघडतात, आणि बॅग उघडल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो ते मला पाठ झालं आहे.

मागे भाचा आला तो रविवारी सकाळी. सोमवारी नऊला मीटिंग. त्याने कोट वर उचलला. पाठीवर मधोमध आडवी घडी, फूटपट्टीने मारल्यासारखी. डावं लॅपल मुडपून उलट्या दिशेने बसलेलं, आणि खिशाच्या झाकणाचा एक कोपरा कुत्र्याच्या कानासारखा वर.

"मावशी, इथे ड्रायक्लीनर जवळ आहे ना?"

जवळ होता, पण रविवार होता. इथला रविवार साधासुधा नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून लिहिला गेला आणि १९४९ च्या घटनेने ते कलम तसंच उचलून घेतलं. विमानतळावरची आणि मोठ्या स्टेशनांतली दुकानं सोडली तर गाव झोपलेलं असतं. एरवीसुद्धा राइनिगुंगमध्ये, म्हणजे इथल्या ड्रायक्लीनरकडे, "तासाभरात करून द्या हो दादा" चालत नाही. कपडा दिला की दोन-तीन दिवसांनी या. त्यामुळे जर्मनीला येणाऱ्याने एक धरून चालावं की पोचल्यावर कपडे सरळ करायला माणूस मिळणार नाही. जे करायचं ते निघण्यापूर्वी, आणि राहिलेलं पोचल्यावर स्वतःच्या हाताने.

सुरकुती पडते कशी, हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप सुचतं. सुती कापडातले धागे सेल्युलोजचे. त्याचे लांबच लांब रेणू एकमेकांना धरून असतात. ऊब आणि ओल मिळाली की ही पकड सैल होते, त्यावर दाब आला की रेणू नव्या जागी सरकतात आणि कापड वाळलं की तिथेच पक्के होतात. इस्त्री तरी वेगळं काय करते? ऊब, ओल, दाब. कडक घडी म्हणजे आपण पैसे देऊन घालून घेतलेली सुरकुती! ती घडी बॅगेत वीस तास दाबाखाली राहिली की ती रेघ शर्टभर छापून निघते. खळ घातलेला शर्ट तर घडीवर अक्षरशः मोडतो.

म्हणून इस्त्रीवाल्याला दोन गोष्टी सांगा: खळ नको आणि घडी नको. हँगरवर द्या म्हणावं. तो थोडा नाराज होईल, कारण घडी ही त्याची कारागिरी आहे. इस्त्री निघण्याच्या आदल्या दिवशीच करून घ्या आणि कपडे रात्रभर हँगरवर राहू द्या. नुकत्या इस्त्री केलेल्या कापडात ऊब आणि थोडी ओल शिल्लक असते. ते लगेच बॅगेत कोंबलं की मघाची तिन्ही निमंत्रणं एकदम.

कापडाची निवड ही खरं तर अर्धी लढाई. लोकर या प्रवासासाठीच जन्मली असावी असं मला वाटतं. तिचा तंतू मुळातच स्प्रिंगसारखा नागमोडी असतो, वाकवला तरी परत येऊ पाहतो. शिवाय स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा ती हाताला न जाणवता पिऊन घेते, म्हणून नुसती दमट हवेत टांगली तरी सैलावते. पुण्याच्या उन्हाळ्यात लोकरीचा सूट म्हटलं की अंगावर काटा येतो, पण पातळ लोकरीचे सूटही मिळतात आणि जर्मनीत मे-जूनमध्येही ते सहज चालतात. शिंपी किंवा दुकानदार 'सुपर १५०' वगैरे आकडा सांगून भाव चढवतो, तेव्हा प्रवासाचा सूट घेणाऱ्याने उलटं चालावं. आकडा जितका मोठा तितका धागा बारीक, हात फिरवायला मऊ, आणि चुरगळायला तयार. शंभर-एकशेवीसच्या आसपासचा सूट बिचारा निमूटपणे प्रवास करतो. लिननचा ब्लेझर मात्र घरीच ठेवा. तो मुंबईहून निघताना जितका रुबाबदार दिसतो तितकाच फ्रँकफुर्टला गबाळा. टेरीलोकर, म्हणजे पॉलिएस्टर-लोकरीचं मिश्रण, याला नावं ठेवायची फॅशन आहे. मी ठेवणार नाही.

आता कोटाची घडी. दर वेळी लोक मला विचारतात आणि मी दर वेळी करून दाखवते, कारण लिहून सांगायला ती जरा अवघडच आहे. तरी सांगते. कोटाची बटणं उघडी ठेवून तो समोर, म्हणजे पुढची बाजू तुमच्याकडे, अशा रीतीने दोन्ही खांद्यांत हात घालून धरा. डावा खांदा आतून बाहेर उलटा करा, बाही आतच राहू दे. आता उजवा खांदा, न उलटता, त्या उलट्या खांद्याच्या खोबणीत बसवा. एका वाटीत दुसरी वाटी बसते तसा तो बसतो. कोट आता उभा अर्धा झाला; अस्तर बाहेर, कापड आत. पलंगावर आडवा करून लॅपल हाताने सारखी करा. मग कमरेशी एकदा दुमडायचं, पण दुमडीच्या पोटात एक टी-शर्ट गुंडाळी करून ठेवायचा. ही गुंडाळी विसरू नका. तिच्यामुळे धारदार घडीच्या जागी गोल वळण येतं, आणि गोल वळणाची सुरकुती पडत नाही किंवा पडली तर अर्ध्या तासात जाते. भाच्याच्या कोटाच्या पाठीवर जी रेघ होती ती या एका टी-शर्टअभावी.

दुमडलेला कोट ड्रायक्लीनरच्या पातळ प्लास्टिक पिशवीत घाला. ही पिशवी आपण कचऱ्यात टाकतो, पण प्रवासात तिच्यासारखी गोष्ट नाही. कपड्यावर कपडा घासतो, अडकतो आणि अडकलेल्या जागी चुणी पडते. प्लास्टिकवर तो घसरतो. शिवाय पिशवीत थोडी हवा राहते, तिची गादी होते. हवा काढून कपडे पापडासारखे दाबणाऱ्या व्हॅक्यूम पिशव्या मिळतात. त्या रजईसाठी उत्तम. सुटासाठी त्या वापरणं म्हणजे हाताने सुरकुत्या पाडणं.

पँटचं सोपं आहे. बॅगेच्या तळाशी कमरेकडचा भाग ठेवायचा, पाय बॅगेच्या कडेवरून बाहेर सोडायचे, वर बाकीचे मऊ कपडे रचायचे आणि मग पाय त्यांच्यावरून परत आत घ्यायचे. शर्टाची सगळी नाही तरी एकाआड एक बटणं लावा आणि कॉलरच्या पोकळीत पट्टा गुंडाळून ठेवा, कॉलर बसत नाही. टाय गुंडाळा आणि बुटात ठेवा.

बॅग भरताना आणखी एक ध्यानात ठेवायचं. चाकांची बॅग दिवसभर उभी असते, त्यामुळे आतलं सगळं चाकांच्या दिशेने घसरतं. बूट, चार्जर, सासूबाईंनी दिलेली चिवड्याची पिशवी असं जड सामान चाकांच्या बाजूला. कोट अगदी वर, हँडलच्या बाजूला. बॅग ठासून भरली तर दाबाने कपडे मोडतात, अर्धी रिकामी ठेवली तर घसरून मोडतात. गच्च नको आणि खुळखुळाही नको.

हे सगळं चेक-इनच्या बॅगेत करायचं की हातातल्या? सोमवारी सकाळी जो कपडा लागणारच आहे तो हातातल्या बॅगेतच. बॅग उशिरा आली तर मॉन्ट्रिअल करारानुसार, बॅग हातात पडल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करता येते, खराब होऊन आली तर ७ दिवसांत. पण मीटिंग तोवर थांबत नाही. लुफ्तान्साच्या इकॉनॉमी वर्गात केबिनची बॅग ५५ × ४० × २३ सेंटीमीटर आणि ८ किलोपर्यंत चालते, आणि तिच्याऐवजी ५७ × ५४ × १५ सेंटीमीटरची घडीची गारमेंट बॅगही नेता येते. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. गारमेंट बॅग म्हणजे सूट हँगरसकट ठेवायची, मधोमध दुमडणारी पिशवी. एकाच सुटासाठी येणाऱ्याला ती चांगली, चार दिवसांच्या मुक्कामाला उगाच ओझं. एअरलाइनप्रमाणे मापं बदलतात, आपल्या तिकिटावरची पाहून घ्या.

जर्मनीत बॅगेचा विषय निघाला की कोलोनची रिमोवा आठवतेच. १८९८ साली ट्रंका बनवायला लागलेल्या या घराण्याने १९३७ साली ॲल्युमिनियमची पेटी काढली. त्या काळी कपडे सपाट ठेवून नेता येत, कारण प्रवास बोटीचा आणि पेटी हमालाच्या डोक्यावर. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा लुगड्यांच्या वजनाची चिंता त्यांना नक्कीच आठ किलोच्या हिशेबात करावी लागली नसेल. आज कठीण कवचाची बॅग घ्यायला हरकत नाही, मात्र तिने बाहेरचा दाब थांबतो, आतला नाही. आत कोंबाकोंबी केली तर ॲल्युमिनियमही काही करू शकत नाही.

"मग सरळ सूट अंगावर घालूनच जातो ना," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुंबईहून फ्रँकफुर्टची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात आणि आठ-नऊ तासांनी तिथल्या सकाळी उतरतात. म्हणजे तुम्ही सुटात झोपणार. अंगाची ऊब, घामाची ओल, पाठीचा दाब. बॅगेत कोट जितका चुरगळतो त्याच्या दुप्पट तो अंगावर चुरगळतो, आणि पँटच्या गुडघ्यांना पिशव्या येतात त्या वेगळ्याच. कोट घालून विमानापर्यंत या, हरकत नाही. तेवढीच बॅगेतली जागा वाचते. आत आल्यावर तो काढा आणि मघाच्या पद्धतीने अस्तर बाहेर करून दुमडा. मात्र लगेच वरच्या कप्प्यात ठेवू नका. मांडीवर घेऊन बसा, शेजारपाजारच्यांच्या बॅगा चढवून होऊ द्या, आणि दारं बंद झाली की सगळ्यात वर ठेवा. आधी ठेवलेला कोट कुणाच्या तरी चाकांखाली सापडलाच म्हणून समजा. पुढच्या वर्गात कोट टांगायला छोटं कपाट असतं. विमान रिकामं असेल तर हवाईसुंदरीला गोड शब्दांत विचारून बघायला काय जातं?

पोचल्यावर पहिलं काम बॅग उघडण्याचं. चहा नंतर. कपडे रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. आता भाच्याच्या कोटाचं काय केलं ते. न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडला, कोट पडद्याच्या दांडीवर टांगला, पाणी उडणार नाही असा. वाफ भरली की शॉवर बंद करून कोट आणखी पंधरा मिनिटं तिथेच. लॅपल आणि खिशाचं झाकण बोटांनी जागेवर बसवलं, बाही खालून हलकेच ओढली. मग, आणि इथे सगळे घाई करतात, कोट कोरड्या खोलीत तासभर हँगरवर ठेवला. ओलसर गरम कोट लगेच अंगात घातला तर नव्या सुरकुत्या तिथल्या तिथे पक्क्या होतात. लोकर होती म्हणून पाठीवरची रेघ बरीचशी गेली. उरलेल्या जागी सुती रुमाल अंथरून वरून हलकी इस्त्री टेकवली, घासली नाही. रुमालाशिवाय इस्त्री केली की गडद लोकरीला चकाकी येते आणि ती मरेपर्यंत जात नाही.

वाफेच्या या प्रयोगाला जर्मनीत दोन पथ्यं आहेत. एक, न्हाणीघराचं दार घट्ट लावा. इथे राहत्या घरांत स्मोक अलार्म कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याला धूर आणि वाफ यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. दोन, काम झालं की खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडा, बाहेर बर्फ असला तरी. भिंतीवरची बुरशी हा जर्मन घरमालकाचा सर्वांत मोठा शत्रू आणि भाडेकरू हा त्याच्या मते तिचा एकमेव जन्मदाता.

हॉटेलात उतरत असाल तर एक शब्द नीट पाठ करा. पहिल्या वर्षी मी एका हॉटेलात नुकतंच शिकलेलं जर्मन वापरून 'ब्युगेल' मागितलं. इस्त्री करणे म्हणजे 'ब्युगेल्न', मग इस्त्रीला ब्युगेल म्हणत असतील असा माझा हिशेब. पाच मिनिटांत एक गृहस्थ मोठ्या अदबीने दोन लाकडी हँगर घेऊन दारात उभे! ब्युगेल म्हणजे हँगर. इस्त्री म्हणजे 'ब्युगेलआयझन', आणि इस्त्रीचं टेबल 'ब्युगेलब्रेट'. खोलीत इस्त्री असेलच असं नाही, बहुतेक ठिकाणी रिसेप्शनवर मागावी लागते, आणि रविवारी रात्री ती दुसऱ्या कुणीतरी नेलेली असते. म्हणून संध्याकाळी लवकर मागा.

घरून छोटी प्रवासी इस्त्री आणणार असाल तर प्लग पाहा. वीज इथेही २३० व्होल्टचीच, पण आपला तीन गोल पायांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. पाण्याचा स्प्रे आणायचा तर सुरक्षा तपासणीतून रिकामा न्या. आणि वाफेच्या इस्त्रीत नळाचं पाणी घालू नका. बऱ्याच गावांत पाणी चुनखडीचं आहे, गडद सुटावर पांढरे थेंब उमटतात. इथल्या बायका सुपरमार्केटमधून डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणतात.

एवढं सगळं निगुतीने करून आपले इंजिनिअर सोमवारी सकाळी जे करतात ते पाहिलं की मला हसावं की रडावं कळत नाही. सुटावर लॅपटॉपची सॅक! दोन्ही पट्टे बरोबर खांद्याच्या भरावावर आणि लॅपलवर. वीस मिनिटं एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, उभं राहिलं की छातीवर दोन उभ्या चुण्या. सॅक हातात धरा, नाहीतर साधी हातातली बॅग आणा. आयसीई गाडीत खिडकीशी कोट अडकवायला आकडा असतो. त्यावर कोट मानेमागच्या लूपने टांगा, नुसता कॉलरला धरून टांगला तर मागे टेंगूळ येतं.

साड्यांबद्दल जरा वेगळं. इथे कायद्याने मान्य लग्न १८७६ पासून नोंदणी कचेरीतलंच, त्यामुळे आपल्या मुलांची लग्नंही आधी श्टांडेसआम्टमध्ये होतात आणि आईला तिथे पैठणीच नेसायची असते. पैठणीला वरचे बहुतेक नियम उलटे लागतात. पाण्याचा फवारा नको, रेशमावर थेंबाचा डाग राहतो. न्हाणीघरातली वाफ नको, जरीला ओल सोसत नाही. आणि कडक घडी अजिबात नको, कारण जर घडीवर एकदा तुटली की ती इस्त्रीने जुळत नाही. दुकानातल्या नळीवर गुंडाळून न्यावी म्हणाल तर पन्हा ४५ इंचांचा आणि केबिनची बॅग जेमतेम २२ इंचांची. मी असं करते: साडी पन्ह्यात तीनपदरी करते, म्हणजे पंधरा इंच होते, काठ आत येतील असे. मग मऊ टॉवेलची जाड वळकटी करून तिच्याभोवती साडी सैलसर गुंडाळते, पदर सगळ्यात शेवटी, आणि वरून धुतलेल्या मलमलच्या कापडाची पिशवी. प्लास्टिक मात्र इथे नको. ही वळकटी हातातल्या बॅगेत, सगळ्यांच्या वर. पोचल्यावर उलगडून पलंगावर पसरा, आदल्या रात्री एवढं पुरतं. चुणी राहिलीच तर उलट्या बाजूने, सुती कापड मध्ये घालून, रेशमाच्या आकड्यावर कोरडी इस्त्री.

तयार फेटा नेत असाल तर त्याच्या पोटात मोजे आणि ब्लाउज भरून तो बॅगेच्या मध्यभागी ठेवा. तो कोटावर ठेवून दोघांची वाट लावलेली मी पाहिली आहे.

परतीच्या प्रवासात सूट कसाही कोंबलात तरी चालेल, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आहेच. पैठणी मात्र समारंभाच्या रात्री लगेच बॅगेत घालू नका. खुर्चीच्या पाठीवर रात्रभर वाऱ्याला सोडा, घाम आणि अत्तराची ओल उडू दे, आणि सकाळी गुंडाळताना जुन्या दुमडी सोडून दोन बोटं अलीकडे दुमडा.